लेटेक्स आणि पॉकेट स्प्रिंगची हायब्रिड गादी: ९२ किलो आणि ५४ किलो एकाच पलंगावर

दुपारची_झोप

नमस्कार मंडळी. गादी घ्यायची आहे आणि डोकं पार भंजाळलं आहे. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

घर रत्नागिरीत. समुद्र खिडकीतून दिसत नाही, पण खिडकीच्या गजांना सारखा रंग काढावा लागतो इतपत जवळ आहे. पलंग सासऱ्यांच्या वेळचा, सागवानी, मिस्त्रीने अंगणात बसून केलेला. आतलं माप ७७ बाय साडेसत्तर इंच. म्हणजे बाजारातली ७८ बाय ७२ ची गादी त्यात उतरत नाही आणि ७५ बाय ६० ची टाकली तर कडेला धान्य वाळवता येईल. बाजूच्या पट्ट्या उंच आहेत, म्हणून गादी आत बसायलाच हवी. खाली प्लाय, प्लायखाली सामानाचे खण. पलंग बदला असं कृपया सुचवू नका, त्यापेक्षा नवरा बदलणं सोपं जाईल.

झोपणारे दोघे. तो ९२ किलो, मी ५४. सध्याची गादी काथ्याची, पाच इंची. त्याच्या बाजूला खळगा पडला आहे, त्यामुळे मी रात्रभर पलंगाची पट्टी धरून झोपते. पट्टी सुटली की थेट घरंगळत त्याच्या अंगावर. लग्नाच्या पहिल्या वर्षी हे चाललं असतं. तो कूस बदलतो तेव्हा माझी बाजू उचलली जाते आणि मला जाग येते. त्याची कंबर सकाळी धरलेली असते, दहा वाजेपर्यंत सुटते. माझा त्रास वेगळा: वय ५१, मध्यरात्री अंगातून वाफा निघतात. एसी नाही, लावायचा नाही, पंखा फुल्ल असतो आणि लाईट गेली की देवाचं नाव.

कोल्हापूरला एका मोठ्या दुकानात जाऊन आलो. तिथे तीन दाखवल्या. एक आठ इंची हायब्रिड, आत पॉकेट स्प्रिंग (प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत) आणि वर लेटेक्स (रबराच्या चिकाचा फोम), ४२ हजार. लेटेक्स किती इंच आहे असं विचारलं तर उत्तर आलं, ‘भरपूर आहे मॅडम.’ दुसरी सहा इंची नुसत्या लेटेक्सची, ५८ हजार. ती झोपायला फार आवडली, पण ५८ हजार. तिसरीत स्प्रिंगवर मेमरी फोम, ३१ हजार. तिन्ही आमच्या मापात बनवून देतील, पण मापाची गादी परत घेणार नाहीत. ते शंभर रात्री वापरून बघा वगैरे फक्त तयार मापांना.

मला कळायला हवं ते असं: हायब्रिडमध्ये लेटेक्स खरोखर किती आणि कसं आहे हे ओळखायचं कसं? एवढ्या वजनाच्या फरकाला पॉकेट स्प्रिंग उपयोगी पडते का? आणि आमच्या हवेत आतल्या स्प्रिंगा गंजणार नाहीत ना? बजेट ४५ पर्यंत.

आण्णा_कराडकर

एक पैसा खर्च करू नका. जमिनीवर सतरंजी, त्यावर घोंगडी. आमचे वडील शेवटपर्यंत असेच झोपले आणि शेवटपर्यंत ताठ चालले. गादी जितकी मऊ तितकी कंबर कामातून गेलेली. ह्या लेटेक्सफिटेक्सच्या नादात दुकानदार मोठे होतात.

मणका

आण्णा, वडिलांना नमस्कार, पण ‘कडक तेच चांगलं’ ह्याला फारसा आधार नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. २००३ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता. बरेच दिवस कंबर दुखणारी ३१३ माणसं घेतली, काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक, आणि ९० दिवसांनी पाहिलं. मध्यम कडकवाल्यांचं दुखणं आणि रोजच्या हालचालींतली अडचण जास्त कमी झाली होती. त्याआधी डॉक्टर मंडळीही सर्रास ‘फळीवर झोपा’ सांगायची.

जमिनीवर झोपणाऱ्याला मी नाही म्हणत नाही. पण पन्नाशीनंतर गुडघे दुखणाऱ्या माणसाला रात्री दोनदा जमिनीवरून उठायला लावणं ही शिक्षा आहे.

ताई, तुमच्यासाठी. ‘मध्यम’ हे प्रत्येकाच्या वजनावर ठरतं. जी गादी तुमच्या यजमानांना मध्यम लागेल ती तुम्हाला पाटासारखी लागेल. दुकानात पाठीवर पडून छताकडे बघू नका, प्रत्येक जण तेच करतो. तुम्ही घरी ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर दहा-पंधरा मिनिटं पडा, आपली उशी घेऊन जा. मागून कोणाला तरी बघायला सांगा: मानेपासून माकडहाडापर्यंतची रेघ साधारण सरळ हवी. कंबर झोळीसारखी लोंबत असेल तर गादी फार मऊ. खांदा दबत नसेल आणि कंबरेखाली हात आरपार जात असेल तर फार कडक.

दोन गोष्टी आणखी. घरात कोणाला रबरी हातमोजे किंवा फुगे हाताळून खाज, पित्त उठणं, शिंका असं काही होतं का? नैसर्गिक रबरातल्या प्रथिनांची ॲलर्जी असते. गादीचं लेटेक्स धुतलेलं असतं आणि खोळीतही असतं, तरी तसा इतिहास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि यजमानांची कंबर चालू लागल्यावर मोकळी होते ना? मग गादी बदलून बघायला हरकत नाही. पायात मुंग्या येत असतील, पाय बधिर होत असेल किंवा दुखण्याने मध्यरात्री जाग येत असेल तर पैसे गादीवर नाही, तपासणीवर घाला.

पिंजणयंत्र

ताई, माझं ऐकाल तर हायब्रिड घ्या, पण त्या तिघांतली एकही नको.

आधी ओळख देतो म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. आम्ही सांगलीकडचे. आजोबा खांद्यावर धनुकली टाकून दारोदार कापूस पिंजायला जायचे. वडिलांनी यंत्र आणलं आणि दुकान टाकलं. मी कापूस, काथ्या, फोम, स्प्रिंग सगळं शिवून विकतो. तेव्हा मी काही निःपक्षपाती नाही, पण तुमच्या रत्नागिरीत माझं गिऱ्हाईक नाही.

हायब्रिड ह्या नावावर जाऊ नका. स्प्रिंगवर काहीही टाकलं की आजकाल ती हायब्रिड होते. वरच्या कापडाच्या शिवणीत अर्धा इंच लेटेक्स घालून बॉर्डरवर मोठ्या अक्षरांत ‘लेटेक्स’ छापलेल्या गाद्या मी उसवल्या आहेत. तिथे लेटेक्सचं काम काय? नाव देणं. म्हणून दुकानदाराला एकच गोष्ट मागायची: काप. वरच्या कापडापासून तळापर्यंत कुठला थर, किती इंच, कुठल्या डेन्सिटीचा, हे दुकानाच्या कागदावर, सही-शिक्क्यानिशी. जो हे लिहून देत नाही त्याच्या गादीवर पडूनसुद्धा बघू नका. ‘भरपूर’ हे माप नाही.

आता लेटेक्स ओळखायचं कसं. रंग, वास, भोकं हे सगळं लोक सांगतील. खरं लेटेक्स साधारण सायीच्या रंगाचं असतं, वास रबराचा आणि हलका असतो, हात दाबून काढला की ताबडतोब वर येतं. मेमरी फोम हाताचा ठसा धरून ठेवतो आणि सावकाश भरतो. पण भोकं बघून फसू नका. लेटेक्सची भोकं साच्यातल्या खिळ्यांची असतात, त्या खिळ्यांतून उष्णता आत जाते आणि थर सारखा शिजतो. साध्या फोमलाही भोकं पाडता येतात, त्याला ‘लेटेक्स फील’ म्हणून विकणारे आहेत.

वजन मात्र सहसा खोटं बोलत नाही. तुमच्या मापाचा, ७७ बाय साडेसत्तरचा, दोन इंची थर धरा. लेटेक्सची डेन्सिटी घनमीटरला ८० किलो धरली तर तो थर एकटा १४ किलोंच्या आसपास भरतो. तोच थर ३२ डेन्सिटीच्या साध्या फोमचा असेल तर सहा किलोही नाही. थर वेगळा काढून काट्यावर ठेवला की वाद मिटला. पण गादी चिकटवून, शिवून, टेप मारून आली असेल तर थर वेगळा काढणार कसा? इथेच माझा मुद्दा आहे.

लेटेक्स आणि स्प्रिंग वेगवेगळं घ्या. खाली पॉकेट स्प्रिंगचा कोअर, म्हणजे आतला गाभा, त्याच्या स्वतःच्या कापडात. वर दोन इंची लेटेक्सचा सुटा थर, चेनवाल्या सुती खोळीत. झोपताना ती हायब्रिडच. फरक एवढाच, की कारखान्यातला गोंद मध्ये नाही. स्प्रिंग बसली तर स्प्रिंग बदला, लेटेक्स चुरा झालं तर लेटेक्स बदला. चिकटवलेल्या गादीत एक थर मेला की सगळा डोलारा भंगारात. आणि उद्या थर उघडून बघायची, वजन करायची, हवा लावायची सोय राहते.

तुमच्या घरासाठी ह्याहून मोठा फायदा असा, की खालचा कोअर दोन भागांत करता येतो. ७७ बाय सव्वापस्तीसचे दोन. यजमानांच्या बाजूला जाड तारेची स्प्रिंग, तुमच्या बाजूला बारीक. तार साधारण १.८ ते २.२ मिलिमीटर असते. दिसायला फरक नगण्य, पण झोपल्यावर जमीन-अस्मानाचा. ९२ किलोला मी दोनच्या खालची तार देणार नाही, ५४ किलोला दोनच्या वरची देणार नाही. दोघांची उंची मात्र एकच ठेवा, नाहीतर मधे पायरी होईल.

ते कूस बदलल्यावर तुम्ही उचलल्या जाता, त्यावरही हाच उपाय. जुन्या बोनेल स्प्रिंगमध्ये सगळ्या स्प्रिंगा वरखाली तारेने एकमेकींना बांधलेल्या असतात, एक ओढली की शेजारणी हलतात. पॉकेटमध्ये प्रत्येक स्प्रिंग आपल्या कापडी पिशवीत एकटी उभी. आणि कोअरच दोन असले तर त्यांच्या वजनाचा तुमच्या स्प्रिंगांशी संबंधच संपला. वरचा लेटेक्स थर अखंड राहील, त्यातून थोडं कळेल, पण आजच्या मानाने काहीच नाही. दुकानात गादीवर पाण्याचा पेला ठेवून शेजारी उड्या मारून दाखवतात, ती करमणूक आहे. तुम्ही डोळे मिटून पडा आणि यजमानांना खरोखर कूस बदलायला सांगा.

स्प्रिंगांच्या आकड्यांनी भुलू नका. सहा सेंटिमीटर व्यासाची स्प्रिंग धरली तर तुमच्या मापात साडेनऊशे ते हजार बसतात. कोणी अडीच हजार सांगितल्या तर एकतर त्या फार बारीक आहेत किंवा वर छोट्या स्प्रिंगांचा आणखी एक थर आहे. वाईट नाही, पण मग तेही कापात लिहून द्यायला सांगा.

मेमरी फोम तुम्हाला नको. तो अंगाच्या उबेने मऊ पडतो आणि ऊब धरून ठेवतो. रात्री वाफा येणाऱ्या माणसाला तो देणं म्हणजे सूड. नुसत्या लेटेक्सची सहा इंची तुम्हाला आवडली ते बरोबर आहे, ती चांगलीच असते. पण तुमच्या मापात ती ४३ किलोंच्या आसपास भरेल. खणातलं सामान काढायला ती कोण उचलणार?

दुपारची_झोप

पिंजणयंत्र दादा, हे सगळं मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. ‘दोन कोअर’ ऐकून तो म्हणाला, म्हणजे शेवटी वेगळं झोपायचं. त्याला सांगितलं, वर थर एकच आहे.

काही शंका. दोन भागांच्या मधली फट जाणवेल का? आणि सासूबाई. गादी म्हटली की त्यांना दिवाळीच्या आधी ती गच्चीवर उन्हात हवी. चालेल ना? प्लायचंही सांगा, आमचा प्लाय सलग आहे, एकही भोक नाही. मागच्या पावसाळ्यात काथ्याच्या गादीची खालची बाजू काळपट झाली होती आणि वास येत होता.

श्टुटगार्टची_सून

फटीबद्दल मी सांगते. इथे जर्मनीत जोडप्याच्या पलंगावर सर्रास दोन वेगळ्या गाद्या असतात, ९० बाय २०० सेंटिमीटरच्या, पांघरुणंही दोन. आले तेव्हा मला ते हॉस्टेलसारखं वाटलं होतं, आता नवऱ्याबरोबर पांघरुणासाठी भांडणं नाहीत हे कळतं. मधली फट बुजवायला टी आकाराची फोमची पट्टी दुकानात मिळते. पण आमच्याकडे दोन्ही गाद्यांवर अखंड पातळ गादी आहे आणि फट शोधून सापडत नाही.

एक महत्त्वाचं: कोअरच्या कडेला जी कडक फोमची चौकट असते ती मधल्या बाजूला नको म्हणून सांगा. नाहीतर पलंगाच्या मधोमध दोन कडक कडा शेजारी-शेजारी येतात आणि वर लेटेक्स असलं तरी बांध लागतो. चौकट फक्त बाहेरच्या तीन बाजूंना.

इथे गादीखाली लाकडी पट्ट्यांची जाळी असते, लेटेक्ससाठी पट्ट्यांमधल्या फटी लहान ठेवायला सांगतात, तीन-चार सेंटिमीटर. कारण लेटेक्स जड आणि लवचिक, मोठ्या फटीत उतरतं. सलग प्लायवर गादी ठेवलेली इथल्या दुकानदाराला चालत नाही, बुरशीच्या भीतीने.

पिंजणयंत्र

मधल्या कडेचं ताईंनी अगदी बरोबर सांगितलं, माझ्याकडून लिहायचं राहिलंच होतं.

ऊन: लेटेक्सला अजिबात नाही. कापसाला ऊन लागतं, त्याने तो फुलतो, दमटपणा जातो. आमच्या घरात तीन पिढ्या तेच सांगत आल्या. रबराचं उलट आहे. ऊन लागलं की ते पिवळं पडतं, कडक होतं, मग बोटाने कुरतडलं तरी भुगा पडतो. जुने रबर बँड आठवा, काडकन तुटतात. सासूबाईंना गच्चीवर न्यायला खोळ द्या, उशा द्या, आतलं लेटेक्स खोलीत पंख्याखाली राहू दे. उचलताना सपाट उचला, दोरीवर घडी घालून टाकू नका. स्वतःच्या वजनाने फाटतं.

प्लाय: सुताराला बोलवा आणि इंचाच्या बिटने भोकं पाडून घ्या, चार-सहा इंचांवर एक, सगळीकडे. खांदा आणि कंबर येते तिथे जरा दाट. तुमच्या काथ्याची काळपट बाजू म्हणजे रात्रीचा घाम खाली उतरून प्लायवर अडकलेला आहे. खण कपड्यांनी ठासून भरले असतील तर भोकं असून नसल्यासारखी, थोडी जागा सोडा. गंजाचंही उत्तर ह्यातच आलं. आत ओल साठली तर समुद्राकाठी तार गंजणारच, आणि गंजलेली तार पिशवीला भोक पाडते. ओल साठू दिली नाही तर काळजी बरीच कमी. सकाळी उठल्याबरोबर चादर ताणून पलंगपोस टाकायची घाई करू नका, तासभर उघडी राहू द्या. प्लास्टिकचं अस्तर असलेलं वॉटरप्रूफ कव्हर घालू नका, लेटेक्सचे पैसे वाया जातील. टॉवेलच्या कापडाचं जाड सुती कव्हर पुरे.

उंचीचं तुम्ही विचारलं नाहीत. पलंगाची फळी जमिनीपासून किती वर आहे? जुनी गादी पाच इंची होती. नवीन पाच इंच स्प्रिंग, एक इंच फेल्ट (दाबलेल्या तंतूंचा जाड थर) आणि फोम, दोन इंच लेटेक्स अशी आठच्या आत-बाहेर जाईल. कडेवर बसल्यावर पाय जमिनीला टेकले पाहिजेत, सासूबाईंचेसुद्धा. तो मधला फेल्ट कोणाला काढू देऊ नका. तो नसला तर मऊ लेटेक्स स्प्रिंगांच्या टोकांमध्ये दबतं आणि गोल गोल ठसे अंगाला कळतात.

तिलारीकाठ

गादीतलं मला काही कळत नाही, पण चिकातलं कळतं. दोडामार्गात आमची रबराची झाडं आहेत. केरळातून आलेल्या मंडळींनी इथे बागा लावल्या, त्यांचं बघून आम्हीही लावली. पहाट फुटायच्या आधी साल काढायला जातो, कारण ऊन चढलं की चीक थांबतो. पावसाळ्यात सालीवरच्या चिरेच्या वर प्लास्टिकचा झगा बांधतो, नाहीतर वाटीत चीक कमी आणि पाणीच जास्त.

हे सांगायचं कारण वेगळं. वाटीतल्या चिकात रबर साधारण एक तृतीयांश, बाकी बहुतेक पाणी. आम्ही आम्ल घालून तो गोठवतो आणि शीट करतो, ती टायरला वगैरे जाते. गादीसाठी शीट चालत नाही, पातळच चीक लागतो. त्यात अमोनिया घालून तो टिकवतात, यंत्रात फिरवून ६० टक्क्यांपर्यंत घट्ट करतात, मग कारखान्यात त्याला फेस आणून साच्यात शिजवतात. ही डनलॉप पद्धत, १९२९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये निघालेली. दुसरी टॅलले म्हणून आहे, त्यात साचा अर्धवट भरून हवा ओढून घेतात आणि फेस गोठवतात. ती जास्त सारखी आणि मऊ येते, महागही पडते. डनलॉपमध्ये थोडा गाळ खाली बसतो, म्हणून एक बाजू किंचित कडक. मऊ बाजू वर ठेवा असं आमच्या ओळखीचा केरळातल्या कोट्टयमचा माणूस सांगतो.

आणि ‘१०० टक्के नॅचरल’ ह्याचा अर्थ विचारून घ्या. पेट्रोलियमपासून केलेलं सिंथेटिक लेटेक्सही लेटेक्सच असतं, दोन्हींचं मिश्रणही विकलं जातं. मिश्रण वाईट असं नाही, पण किंमत नैसर्गिकची आणि माल मिश्रणाचा असं नको. गोल्सचा शिक्का सेंद्रिय चिकासाठी असतो. ओइको-टेक्सचा शिक्का घातक रसायनांच्या तपासणीचा असतो, चीक झाडाचा की कारखान्यातला हे त्यावरून कळत नाही. दुकानदार दोन्ही एकच असल्यासारखं बोलतात.

आण्णा_कराडकर

एवढा अभ्यास आमच्या वेळी दहावीला केला असता तर कलेक्टर झालो असतो. सतरंजीवर मी ठाम आहे. फक्त एक विचारतो, तो दोन इंची लेटेक्सचा थर सतरंजीवर टाकला तर?

मणका

आण्णा, टाका. पण तो जमिनीवर रोज तसाच पडू देऊ नका, खालून ओल धरेल. आणि सूनबाईंना सांगू नका किंमत किती ते.

दुपारची_झोप

सगळ्यांचे आभार, आता हालहवाल सांगते. कोल्हापूरच्या त्या दुकानात फोन करून काप लिहून मागितला. आधी ‘कंपनीचं सीक्रेट असतं मॅडम’, मग साहेबांना विचारतो, मग व्हॉट्सॲपवर आला: स्प्रिंगवरच्या दोन इंचांत लेटेक्स पाऊण इंच. उरलेला सव्वा इंच ‘सुपर सॉफ्ट फोम’. ४२ हजारांची ‘भरपूर’ म्हणजे पाऊण इंच.

इथल्याच एका गादीवाल्याकडे गेले, लहान दुकान आहे, स्वतः शिवतो. त्याला तुमचं सगळं दाखवलं. दोन कोअरचं त्याला लगेच पटलं, म्हणाला जिन्याच्या वळणावर अखंड गादी चढतच नाही, दोन असल्या तर बरं. लेटेक्सचा थर तो केरळातून मागवतो, आला की माझ्यासमोर काट्यावर ठेवेल. बाजूच्या वाण्याचा काटा आहे. सगळं मिळून साडेएकेचाळीस सांगतो. नवऱ्याच्या बाजूला २.१ ची तार, माझ्या बाजूला १.९.

उंचीचं बरं झालं विचारलंत. फळी १४ इंचांवर आहे, म्हणजे नवीन गादीसकट २२. सासूबाईंचे पाय लोंबतील, पण त्या आमच्या पलंगावर फक्त दुपारी सिरियल बघायला बसतात, त्यांना पाट देईन. माझे चवडे टेकतात.

आता मापाचं. अडचण अशी झाली की पलंग चौकोनी नाही! डोक्याकडे साडेसत्तर आहे आणि पायाकडे सव्वासत्तर. लांबी दोन्हीकडे ७७. मिस्त्री गेला, आता कोणाला बोलणार. कुठलं माप देऊ?

पिंजणयंत्र

जुन्या पलंगांत हे ठरलेलं. कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन्ही कर्णही मोजा, ते सारखे नसतील तर पलंग तिरका आहे आणि गादी एका कोपऱ्यात चढेल.

कर्णांत अर्ध्या इंचापर्यंत फरक असेल तर काळजी नको. कोअर पायाकडच्या मापाने करा आणि वर आणखी पाव इंच सोडा, म्हणजे एकूण रुंदी ७०, प्रत्येकी ३५. लांबी साडेशहात्तर. स्प्रिंगला कोंबून बसवायचं नसतं, कोंबली की मधे फुगते. लेटेक्सचा थर मात्र पूर्ण साडेसत्तरचा कापायला सांगा, तो कडेला दबून बसतो आणि बाजूची फट झाकतो. त्याची खोळ धुतल्यावर आटेल, म्हणून कापड आधी धुवून घ्या आणि मग शिवा. चेन पायाकडच्या बाजूला, तिन्ही कडांनी फिरणारी. नुसती एका कडेला चेन असली तर १४ किलोंचा थर खोळीत परत घालताना तुम्ही दोघं भांडाल.

काट्यावर थर १२ किलोंच्या खाली भरला तर पैसे देऊ नका, आधी इथे लिहा. आणि बिलावर दोन कोअर आणि एक लेटेक्स थर अशा तीन ओळी वेगळ्या मागा, तारेच्या मापासकट.